मदत हवी आहे: बाबांना हार्ट अटॅक कधी येऊन गेला ते कोणालाच माहीत नाही. आम्ही भावंडांनी काय तपासायचं?

रामबागकर

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

बाबा ७१ वर्षांचे. शुगर ४६ व्या वर्षापासून. गोळ्या वेळेवर, सकाळी नेहरू पार्कात फेऱ्या, छातीत कधी दुखलं नाही. मध्यंतरी हर्नियाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला. त्यात काहीतरी दिसलं म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितलं. इको करता करता डॉक्टरांनी विचारलं, "काकांना अटॅक कधी आला होता?" आम्ही म्हटलं, आलाच नाही. तर म्हणे हृदयाच्या पुढच्या भिंतीचा एक भाग नीट हलत नाही, हा जुना अटॅक आहे. पंपिंग ३५ टक्के, जे एरवी ५५ च्या आसपास किंवा वर असतं. अँजिओग्राफीत तिन्ही नळ्यांत ब्लॉक. हर्निया राहिला बाजूला, बायपास झाली. आता घरी आहेत आणि वरणभातावर शेव का नाही म्हणून आईशी भांडतात, म्हणजे तब्येत सुधारतेय.

तर बाबांचं मार्गी लागलंय, विचारायचंय ते आमच्याबद्दल. मी ४३, दादा ४७, तो वडोदऱ्याला असतो. परवा मी स्वतःला दाखवायला गेले तर फॉर्मवर रकाना: वडिलांना हृदयविकार आहे का, असल्यास कोणत्या वयात झाला? आता काय लिहू? सापडला ७१ व्या वर्षी, झाला कधी ते देव जाणे. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आई-बहिणीला ६५ च्या आत झाला असेल तर मुलाबाळांचा धोका जास्त धरतात म्हणे. म्हणजे त्या एका आकड्यावर बरंच काही ठरतं आणि तोच आमच्याकडे नाही. आजोबा ग्वाल्हेरला ५२ व्या वर्षी झोपेतच गेले. घरात सगळे म्हणतात "शुगरनं गेले". मोठे काकाही "शुगरनं". आमच्या घराण्यात शुगरच्या खात्यावर किती हार्ट अटॅक जमा झालेत कोण जाणे!

माझं सांगायचं तर दुसऱ्या बाळंतपणात शुगर वाढली होती, नंतर उतरली. आता एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६.१, बीपी १३४/८६. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) निगेटिव्ह आली, डॉक्टर म्हणाले निवांत राहा. पण बाबाही निवांतच होते की. दादा तर रक्त द्यायलाच तयार नाही. "मी काडीसारखा, मला कसली शुगर!"

टीएमटीच्या पुढे काय करावं? लॅबवाले ऐंशी तपासण्यांचं पॅकेज गळ्यात मारतायत, ते घ्यावं का? कॅल्शियम स्कोरचा सीटी (हृदयाच्या नळ्यांत साचलेलं कॅल्शियम मोजतात तो) कोणी केलाय का? आणि दादाला कसं पटवू? फक्त "शेव-जिलबी सोडा, मेथीचं पाणी प्या" एवढंच लिहू नका, तो सल्ला आमच्या वाड्यात जिन्यावर उभं राहिलं तरी मिळतो.

साधा_एमबीबीएस

ताई, रकान्यात जे आहे तेच लिहा: "वय माहीत नाही, तपासणीत सापडला. आजोबा ५२ व्या वर्षी झोपेत अचानक गेले." मावलं नाही तर कागदाच्या मागे लिहा. अशी झोपेतली, अचानक गेलेली माणसं आम्हाला आकड्याइतकीच महत्त्वाची असतात.

वडिलांना दुखलं का नाही? शुगर बरीच वर्षं असली की पायाच्या नसा बधिर होतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. हृदयाकडून दुखणं कळवणाऱ्या नसांचंही तेच होऊ शकतं. मग अटॅक येतो तो दम लागून, घाम फुटून, मळमळ होऊन किंवा नुसता थकवा म्हणून, आणि घरचे त्याला ॲसिडिटी समजतात.

टीएमटीबद्दल: नळी साधारण ७० टक्के अरुंद होईपर्यंत टीएमटीत सहसा काही उमटत नाही. बरेच अटॅक तर त्याहून कमी अरुंद जागी चरबीचा थर फाटून तिथे गुठळी झाल्याने येतात. तेव्हा निगेटिव्हचा अर्थ आज रक्तपुरवठा पुरतोय, इतकाच घ्यायचा.

ऐंशीचं पॅकेज नको. लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (३० च्या वर गेलं तर किडनीबरोबर हृदयाकडेही बघायचं), आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण). हे शेवटचं आईबापाकडून येतं, खाण्यापिण्याने फारसं हलत नाही, डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या लिपिड मार्गदर्शनात ते सगळ्यांनी एकदा करावं असं आहे, पण पॅकेजात बहुधा नसतं. आणि बाळंतपणातली शुगर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती पुढच्या मधुमेहाची खूण आहेच, हृदयविकाराचीही आहे.

मकरपुऱ्याचा_पोपट

दादांना याज्ञिक-युडकिनचा फोटो दाखवा. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं होतं. अंगाने बारीक आणि आतून चरबी, हा आपला मराठी-गुजराती नमुना.

रक्त देत नसतील तर निदान टेप द्या हातात. चेन्नईच्या डॉ. मोहन यांचा इंडियन डायबिटीस रिस्क स्कोर आहे, त्यात सुई नाही. वय ३५ ते ४९ म्हणजे २० गुण. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंमी, १० गुण. बैठं काम आणि व्यायाम शून्य, ३०. आईवडिलांपैकी एकाला शुगर, १०. साठ किंवा त्यावर गेलं की धोका जास्त.

शंकासुर

सगळे भारी तपासण्यांमागे लागलेत, १३४/८६ कोणाच्या नजरेत नाही? ताई, आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा, पाच मिनिटं शांत बसून. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यावर येत असेल तर आधी त्याचं बघा.

कॅल्शियम स्कोर वाईट नाही, पण कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची की नाही यावर तुमचं आणि डॉक्टरांचं अडत असेल तरच करा. चाळिशीत शून्य आला तरी चरबीचा मऊ थर त्यात दिसत नाही. आणि शून्य आला म्हणून लोक थेट सराफ्यात (इंदूरच्या खाऊगल्लीत) जातात, हा माझा अनुभव. :)

रामबागकर

पोपटराव, टेप कामाला आली! दादाची कंबर ९४, व्यायाम नाही, गुण ७०. वहिनीने तोच कागद जेवताना ताटाशेजारी ठेवला. सकाळी गेला लॅबमध्ये. उपाशीपोटी ११८, एचबीएवनसी ६.३, एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३६, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३१. लॅबच्या कागदावर एलडीएलसमोर "बॉर्डरलाइन" लिहिलंय, त्यामुळे तो पुन्हा खुशीत.

साधा_एमबीबीएस

खुशीत राहू देऊ नका. एकूण २१२ मधून एचडीएलचे ३४ वजा करा, १७८. हे नॉन-एचडीएल, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना एलडीएलपेक्षा हे जास्त खरं बोलतं. मधुमेह नसलेल्या बेताच्या धोक्याच्या माणसालाही १३० च्या खाली हवं. वाढलेलं ट्रायग्लिसराइड, उतरलेलं एचडीएल आणि काठावरची शुगर, ही तिन्ही एकत्र आली की शुगर पूर्ण चढायची वाट बघायची नसते. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) लागेल का ते तिथल्या फिजिशियनला समोर बसून ठरवू द्या. स्टॅटिनने शुगर थोडी वाढते हे खरं, पण अशा घराण्यात फायदा सहसा जास्त भरतो. वडिलांचा इको रिपोर्ट सोबत न्या म्हणावं.

रामबागकर

गुरुवारी त्याची वेळ घेतलीय, बाबांच्या रिपोर्टचे फोटो वहिनीला पाठवले. माझं लायपोप्रोटीन-ए उद्या. एकच राहिलं: माझी मुलगी सतराची आहे. तिचं आत्तापासून काही करायचं का, की उगाच घाबरवतेय?

साधा_एमबीबीएस

अठरा पूर्ण झाली की एकदा लिपिड, त्याच २०२४ च्या मार्गदर्शनात तसं आहे. घरात कमी वयात हृदयविकार असेल तर त्याआधीही करतात. तुमचं लायपोप्रोटीन-ए वाढलेलं आलं तर तिचंही तेव्हाच करून टाका. उपाशी राहायची गरज नाही, कॉलेजातून येता येता होईल.