पूर आला की गल्लीतल्या दवाखान्याने नक्की काय करायचं?

पंचवटी_क्लिनिक: माझा दवाखाना नाशिकला गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदावरीपासून, पाच मिनिटांवर आहे, दोन वर्षं झाली सुरू करून. पाऊस वाढलाय आणि गंगापूर धरणातून पाणी सोडणार असं ऐकलं की पोटात गोळा येतो कारण निम्मे पेशंट नदीकाठचेच. 108 आहे, सिव्हिल आहे, मग माझ्यासारख्या साध्या जीपीने (फॅमिली डॉक्टरने) काय तयारी ठेवावी? ज्यांनी 2016 चा पूर काढलाय त्यांनी प्लीज सांगा.

जुना_जीपी: डॉक्टर, पहिलं काम आजच करा, वहीत यादी काढा. कोण इन्सुलिनवर, कोणाचं डायलिसिस, कोणाकडे ऑक्सिजनचं मशीन, कोण अंथरुणाला खिळलेलं, कोणाचे बाळंतपणाचे दिवस भरलेत, पुढे घर कुठे आणि नातेवाईकाचा नंबर. कागदावरच, कारण 2 ऑगस्ट 2016 ला लाईट गेली, मोबाईल बंद पडला आणि माझे सगळे नंबर त्यातच होते. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या (पूर किती चढला ते आपण या मूर्तीवरूनच बघतो) कमरेला पाणी लागेपर्यंत थांबू नका, त्याआधीच डायलिसिसवाल्यांना फोन करून वर नातेवाईकांकडे हलवा. कोणत्या खोलीत कोण झोपलंय हे ॲम्ब्युलन्सवाल्याला माहीत नसतं हो, तुम्हाला असतं.

आणि खरी गर्दी पाणी ओसरल्यावर होते. पुराच्या पाण्यातून चाललेल्या मोठ्या माणसांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) 200 मिलीग्रॅमचा एक डोस 72 तासांच्या आत, पायाला जखम असेल तर धोका जास्त, तेव्हा लगेच सुरू करा. गरोदर बायका आणि 8 वर्षांखालच्या पोरांना डॉक्सी नाही, ॲझिथ्रो (ॲझिथ्रोमायसिन). नंतर आठ-दहा दिवसांनी कोणी ताप, लाल डोळे, पोटऱ्या दुखतायत म्हणून आलं तर व्हायरल म्हणून परत पाठवू नका, लेप्टो डोक्यात ठेवा. धनुर्वाताची इंजेक्शनं, ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या आधीच भरून ठेवा.

सराफबाजार_ताई: मी डॉक्टर नाही पण सांगते. 2019 ला आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा बाबांच्या बीपीच्या गोळ्या, फाईल सगळं गेलं आणि गोळीचं नावच कोणाला आठवेना, तीन दिवस गोळीशिवाय काढले त्यांनी. आमच्या डॉक्टरांनी आता प्रत्येकाला चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवायला लावलाय. एवढं तरी नक्की करा.

जुना_जीपी: ताई बरोबर. इन्सुलिनचं पण सांगून ठेवा, फ्रीज बंद पडला म्हणून लोक बाटली फेकून देतात. मडक्याला ओलं फडकं गुंडाळून आत कोरड्या डब्यात ठेवली तर चालू बाटली साधारण चार आठवडे टिकते.

आशाताई_नाशिक: डॉक्टर, यादी करताना वस्तीतल्या आशा सेविकेला सोबत घ्या. गरोदर बायका आणि बाळं आमच्या रजिस्टरला आहेत, पण शुगर-बीपीवाले बरेचसे प्रायव्हेटला जातात, ते तुमच्याकडेच सापडतील. दोन्ही जुळवलं तर कोणी सुटणार नाही.

पंचवटी_क्लिनिक: मनापासून थँक्यू सगळ्यांना. संध्याकाळच्या ओपीडीनंतर वही काढून बसलो, आत्तापर्यंत 41 नावं झालीत, त्यातले 6 इन्सुलिनवर आणि एक आजी तळमजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्या मुलाला आत्ताच फोन लावतोय.