प्रतिसाद: आठ तासांनी गाडी बंद होईल असं जीपीएस लावा म्हणणाऱ्यांना

भाऊ, ट्रक ड्रायव्हरला स्टेअरिंगवर झोप लागू नये म्हणून जीपीएस लावून आठ तासांनी इंजिन आपोआप बंद करायचं म्हणता, पण बंद कुठे करणार? धुळ्याकडून इंदूरला जाताना बिजासन घाटात भर चढावर? आधी ट्रक उभा करायला जागा तर द्या.

आणि आठ तासांचा नियम काही नवा नाहीये, 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यातच दिवसाला आठ, आठवड्याला 48 तास आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती लिहून ठेवली होती. पाळली कोणी? युरोपात साडेचार तासांनी 45 मिनिटं थांबावंच लागतं कारण टॅकोग्राफमध्ये (गाडी किती वेळ चालली, किती थांबली ते टिपणारं यंत्र) सगळी नोंद होते, आपल्याकडे नोंदच नाही.

खरी गोम लोडिंगमध्ये आहे. जळगावकडच्या रावेर-सावद्याला बघा, ड्रायव्हर सकाळपासून बांधावर उभा, केळीचे घड कापून, वाहून गाडी भरेपर्यंत संध्याकाळ होते, मे महिन्यात 45 डिग्रीत केबिनमध्ये झोप कसली लागते, आणि मग व्यापारी म्हणतो माल पिकेल, रात्रीतून निघ. म्हणजे स्टेअरिंगवर बसतो तेव्हाच तो थकलेला, तुमचं मीटर मात्र शून्यावर!

पहाटे दोन ते सहा सगळ्यात वाईट. साठच्या स्पीडला तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते. चहाने लगेच तरतरी येत नाही, वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून चहा पिऊन तिथेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. तंबाखू, गाणी वगैरे सगळं मनाचं समाधान.

भाडं ठरवतानाच लोडिंगचे तास धरा आणि लांबच्या खेपेला दोन ड्रायव्हर द्या, मग मशीनचं बोलू.