पहाटे धावताना जवळ काय ठेवावं? माझं मत: पेपर स्प्रे, आणि तोही हातातच

टेकडीवाली

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी आमच्यातले बरेच जण ऑक्टोबरपासून लांब पल्ला वाढवायला लागतात. पुण्यात डिसेंबरात सूर्य उगवेपर्यंत जवळजवळ सात वाजतात. डबे, मुलांची शाळा, ऑफिस सांभाळून वीस-बावीस किलोमीटर करायचे तर पाचला बाहेर पडावंच लागतं, म्हणजे अर्ध्याहून जास्त धावणं अंधारात. "काहीतरी जवळ ठेवत जा हं" असं सगळेच सांगतात. ते काहीतरी म्हणजे नक्की काय, यावर कुणी बोलत नाही.

मी पेपर स्प्रेच्या बाजूने आहे. परवाना लागत नाही, दोन-चारशे रुपयांत मिळतो, मुठीत मावतो. मुख्य म्हणजे समोरच्याच्या अंगाला अंग लागायच्या आत वापरता येतो. दोन-तीन मीटरवरून डोळ्यांत गेला की पापण्या आपोआप मिटतात, श्वास कोंडतो आणि पुढचा अर्धा तास तरी माणसाला नीट दिसत नाही. आपल्याला पळायला एक मिनिट पुरतं. ताकदीचा प्रश्नच येत नाही, म्हणून पन्नास किलोच्या बाईला दुसरं काही इतकं उपयोगी पडेल असं मला वाटत नाही.

अट एकच. तो हातात हवा. कमरेच्या पाऊचमध्ये, चेन लावून, किल्ल्या आणि एनर्जी जेलच्या खाली ठेवलेला स्प्रे नसल्यासारखाच. तीन मीटरवरचा माणूस सेकंदभरात अंगावर येतो, तेवढ्यात चेनसुद्धा उघडत नाही.

---

सोबत_धावू

ताई, तुमची कळकळ कळते, पण मी अजिबात सहमत नाही. स्प्रे हातात आला की माणूस एरवी गेला नसता अशा वाटेला जातो. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला पहाटे पाचला एकट्याने जायचंच कशाला? लुटणारे बहुतेक दोघं-तिघं असतात, एकाच्या हातात कोयता असतो. एकाच्या डोळ्यांत फवारलंत, बाकीच्यांचं काय? आणि पहिला चिडलेला, आंधळा, हातात कोयता असलेला. अशा वेळी फोन काढून द्यायचा आणि उलट्या दिशेने पळायचं. फोन परत घेता येतो.

माझ्या मते सोबत हाच एक उपाय. चौघं एकत्र धावत असतील तर कुणी वाटेला जात नाही.

---

टेकडीवाली

कोयता आणि तिघं असतील तर फोन द्यावा, याला माझा विरोध नाही. स्प्रे फोन वाचवायला नाहीच. फोन देऊनही जो थांबत नाही, ज्याला फोन नकोच आहे, त्याच्यासाठी तो आहे. बायकांना पहाटे भीती कशाची वाटते हे पुरुष धावकांनी एकदा विचारून पाहावं. चोरीचं नाव पहिलं येत नाही.

आणि सोबत! गटातले सगळे सव्वासहाला जमतात, कारण त्यांच्या घरी डबा दुसरं कुणी करतं.

---

काळा_कोट

कायद्याचं थोडं सांगतो, कारण या विषयात ऐकीव गोष्टी फार.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खासगी बचावाचा अधिकार तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये येतो. त्यातलं ३७ सगळ्यांनी वाचावं: बचावाला जरूर तेवढीच इजा, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणजे स्प्रे मारून निघून गेलात तर ठीक. तो खाली बसल्यावर मागे फिरून दगड घातलात तर तुम्ही आरोपी.

चाकूबद्दल: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. त्याहून लहान चाकूही जवळ ठेवू नका असंच मी सांगेन. चाकू चालवायला अंगाला भिडावं लागतं आणि झटापटीत तो कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही.

आता काठी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात शस्त्रं, सोटे, भाले यांच्या यादीत काठ्याही असतात. सणासुदीला, निवडणुकीत हे आदेश हमखास असतात.

---

वाट_तळजाईची

वकीलसाहेब, मग आम्ही काय करायचं? सत्तरीतले लोक काठी घेऊन तळजाईला रोज फिरतात, त्यांना कुणी अडवलेलं मी पाहिलं नाही. आणि इथे सगळे माणसांबद्दलच बोलताय. पहाटे धावणाऱ्याला रोज कोण आडवं येतं? कुत्री! सोसायटीच्या गेटपासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत तीन टोळ्या. दिवसा लोळत पडलेली असतात तीच पाचला अंगावर येतात, कारण रस्ता त्यांचा झालेला असतो.

हातभर काठी हातात दिसली तरी बहुतेक कुत्री अंतर ठेवतात. मारावी लागत नाही. स्प्रे काढून, नेम धरून, वारा बघून फवारेपर्यंत पोटरी गेलेली असते. मी काठीवालाच.

---

दवाखान्यातली

कुत्र्यांबद्दल काठीपेक्षाही आधीचं: धावणं थांबवा. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभाव आहे. थांबा, त्याच्याकडे पाठ करू नका, डोळ्याला डोळा न भिडवता बाजूबाजूने हळू मागे सरका. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी पुष्कळदा मागे हटतात.

चावलंच तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लशीचा पहिला डोस त्याच दिवशी, तो दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि पुढेही डॉक्टर सांगतील तसं. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, नुसती लस पुरत नाही. हे विचारून घ्या, घाईत राहून जातं. रेबीज एकदा उठला की माणूस हाती लागत नाही, म्हणून एवढं लिहितेय.

---

शिट्टी_आणि_मी

पेपर स्प्रेला माझा ठाम विरोध, कारण वारा. टेकडीच्या माथ्यावर उभं राहून पाहा. समोरून वारा असताना फवारलंत तर निम्मं आपल्याच तोंडावर. आधीच धाप लागलेली, तोंड उघडं, दीर्घ श्वास चाललेला. धावणाऱ्याला त्याचा त्रास उभ्या माणसापेक्षा जास्त होणार.

त्यापेक्षा पिन ओढली की किंचाळणारा अलार्म घ्या. तोही मुठीत मावतो, नेम लागत नाही, चुकून वाजला तर कुणाला इजा नाही. वाईट हेतूने आलेल्याला सगळ्यात नको असतं ते लोकांचं लक्ष. साधी शिट्टीसुद्धा ओरडण्यापेक्षा लांब जाते, आणि घाबरल्यावर घशातून आवाज फुटत नाही तेव्हाही ती वाजते.

---

टेकडीवाली

शिट्टी ऐकणारं कुणी हवं ना? कर्वे रस्त्यावर अलार्म उत्तम, दुधवाले, पेपरवाले, रिक्षावाले असतात. टेकडीच्या मागच्या उतारावर पाचला मोर ऐकतील.

वाऱ्याचा मुद्दा मात्र खराच आहे. म्हणून धुक्यासारखा पसरणारा घेऊ नये, सरळ धार जाणारा घ्यावा. त्याला वारा कमी लागतो. वारा तोंडावर असेल तर दोन पावलं बाजूला होऊन मारायचा.

---

नागपुरी_पळापळ

आमच्याकडचा एक मुद्दा. मे महिन्यात कारमध्ये स्प्रे ठेवू नका. डबीवर पन्नास अंशांच्या वर ठेवू नये असं लिहिलेलं असतं, आणि पंचेचाळीस अंशांच्या दिवशी बंद गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते. फुटला नाही तरी दाब निघून जातो. मग ऐन वेळी नुसता फुसका फवारा येतो.

आणि फोन असेल तर ११२ ची आठवण ठेवा. पॉवरचं बटण पटापट तीन किंवा पाच वेळा दाबलं की बऱ्याच फोनवरून आपत्कालीन कॉल जातो. आपल्या फोनला किती वेळा, ते घरीच सेटिंगमध्ये बघून ठेवा.

---

मुक्ता_म्हणे

मला या सगळ्या चर्चेचाच राग येतोय. स्प्रे बाईने घ्यायचा, शिट्टी बाईने गळ्यात घालायची, साखळी बाईने घरी काढून ठेवायची, इअरफोन एकाच कानात घालायचा, वाट रोज बदलायची. टेकडीच्या पायथ्याला दिवे नाहीत, पहाटेची गस्त नाही, त्याबद्दल एका प्रतिसादात अवाक्षर नाही. महापालिका आणि वनखात्याला शंभर धावकांच्या सह्यांचं पत्र गेलं पाहिजे. तुम्ही प्रत्येकाने आपापली डबी घेतलीत की ते पत्र कधीच जाणार नाही.

---

टेकडीवाली

मुक्ता, पत्र लिही, पहिली सही माझी. पण दिवे लागेपर्यंत मी धावायचं थांबवू का? माझी मॅरेथॉन या जानेवारीत आहे.

---

सोबत_धावू

मी अजूनही माझ्याच मतावर आहे, पण सव्वासहाचा मुद्दा लागला. रविवारी पाचला कोथरूडहून निघणारा दुसरा गट करायला मी तयार आहे. ज्यांना जमेल त्यांनी इथेच कळवा. मात्र टेकडीवर उजाडल्यावरच चढायचं, तोवर रस्त्यावर फेऱ्या.

---

टेकडीवाली

रविवारी मी येते. आठवड्यातल्या धावण्याला स्प्रे राहणारच.

दोघींनी कोणता घ्यावा विचारलंय. ब्रँड सांगत नाही, दुकानात हे बघा. अंगठ्याने झाकण वर करून दाबता येईल असा; फिरवून उघडायचा नको, घामाने बोटं सरकतात. मुठीत बसणारा पट्टा हवा. तळाशी मुदतीची तारीख असते, मुदत संपली की बदला. आणला की मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून, अर्धा सेकंद मारून पाहा. धार कुठवर जाते ते कळतं आणि बोटालाही सवय होते. त्या हाताने नंतर डोळे चोळू नका. डोळ्यांत गेलंच तर भरपूर गार पाण्याने धुवा आणि पापण्यांची उघडझाप करत राहा, तेल किंवा क्रीम लावू नका. लेन्स असतील तर हात साबणाने धुऊन आधी त्या काढा. आणि पाण्याची बाटली दुसऱ्या हातात घ्या, ज्या हाताने लिहिता तो स्प्रेला.