मदत हवी आहे: शेतजमिनीवरच्या टिलर-दुरुस्तीच्या शेडला अकृषिक (बिगरशेती) वापराची नोटीस

नमस्कार मंडळी. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, कातळावरची वाडी. धाकट्या भावाने आमच्याच जमिनीत जुन्या मांगराला (शेतातल्या खोपीला) लागून चिऱ्याची (जांभ्या दगडाची) शेड बांधली. तिथून तो चिखलणीला पॉवर टिलर भाड्याने देतो, मोहोराच्या दिवसांत आंबा-काजूच्या फवारणीचे पंप देतो आणि ग्रास कटरची दुरुस्ती करतो. वाडीत आता गडी मिळत नाहीत, बैलजोड्याही जवळजवळ संपल्या. पावसाने उघडीप दिली की सगळे त्याच्याकडेच धावतात.

शेजाऱ्यांनी आवाजाची आणि सांडलेल्या ऑइलची तक्रार केली. ऑइलचं त्यांचं म्हणणं रास्त आहे, विहीर उतारालाच आहे. त्यासाठी भावाने सिमेंटचा कोबा घालून घेतला. पण आता तहसीलमधून नोटीस आली आहे: सातबाऱ्यावर शेती, वापर व्यावसायिक, कलम 45 खाली दंड का करू नये?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये शेतीची अवजारं ठेवायची इमारत ‘शेतघर’, म्हणजे शेतीचाच भाग, धरली जाते. पण दुसऱ्यांची अवजारं दुरुस्त केली तर? माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

कोणी यातून गेलं आहे का? आधी नगररचनाकडून झोन दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या झोनमध्ये आहे त्याचा) घ्यावा, की थेट वापर बदलायच्या परवानगीसाठी कलम 44 चा अर्ज करावा? गावठाणापासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीची कलम 42-ड ची सवलत (वेगळ्या परवानगीशिवाय अकृषिक वापराची) शेती झोनमध्ये दुकानाला चालते का? उत्तराची मुदत जवळ आली आहे. महसुली कामं पाहणारे चांगले वकील माहीत असतील तर कृपया कळवा.