गट सरांनी पाडावेत की मुलांनी?

राखाडी_शाई :
'विविधता दिन' उरकला की व्यवस्थापन हात झटकतं. पेहराव, नाच, फोटो; दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ज्याचं त्याचं टोळकं. माझं मत, प्रोजेक्टचे गट आणि हॉस्टेलच्या खोल्या मुलांच्या मर्जीवर सोडूच नयेत. सरळ चिठ्ठ्या टाका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच मांडलंय : माणसं नुसती शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, सहकार्य हवं, वरिष्ठांचा पाठिंबा हवा. नाचगाण्यात यातलं काय असतं?

तिसरा_बाक :
आणि चिठ्ठीने बरोबरीचा दर्जा येतो? पाच जणांचा गट. चौघांची भाषा एक, पाचवा बाहेरचा. पहिली दहा मिनिटं सगळे त्याला समजेल असं बोलतात, मग कुणीतरी विनोद करतं आणि गाडी आपल्या रुळावर. तो विचारतो काय झालं, तर "काही नाही रे, असंच." शेवटी त्याच्या वाट्याला स्लाइड बनवायचं काम. मी तो पाचवा होतो. तुम्ही ज्याला टोळकं म्हणता, तिथे मला उच्चार न सांभाळता बोलता यायचं.

राखाडी_शाई :
टोळक्यात बसायला माझी ना नाही. पण तुमची तक्रार कामाच्या वाटणीची आहे, चिठ्ठीची नव्हे. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या शाळांत गोरी-काळी मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली, तेव्हा १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरन्सनने धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. ज्याचा तुकडा त्यानेच समजावायचा. मग त्याचं ऐकावंच लागतं.

तिसरा_बाक :
धड्यापुरतं ठीक. प्रोजेक्टला मार्क सगळ्यांना सारखेच. ज्याचा तुकडा कच्चा राहिला, त्याच्यावर बाकीचे खार खाणारच.

खडू_डस्टर :
मी शिकवतो. गट मीच पाडतो, पण एकाला एकटं टाकत नाही. त्याच्या भाषेचं आणखी कुणीतरी गटात असतंच. आणि तोंडी परीक्षेत दुसऱ्याच्या भागावर प्रश्न विचारतो. स्लाइडवाला आपोआप बंद होतो.

राखाडी_शाई :
+१. हेच खोल्यांनाही लावा.

तिसरा_बाक :
खोल्यांना नाही. गटातून तासाभराने सुटका होते, खोलीत झोपायचं असतं. पहिल्या सेमिस्टरनंतर कारण न विचारता खोली बदलू देणार असाल, तर बोलू.