गाडी मिसिंग मारतेय: आधी नमुना, मग पंपाचं नाव

बी-२०४ वहिनी: नमस्कार, सोसायटीच्या ग्रुपवर विचारतेय. काल रात्री अमळनेरहून येताना भर पावसात वाटेत पेट्रोल टाकलं. जळगाव येईपर्यंत पिकअप कमी वाटत होता. आज सकाळी सुरू केली तर उभ्या जागी थडथडतेय, रेस दिली की अडखळते. चेक इंजिनचा दिवाही लागलाय. हे नंदुरबारला गेलेत. कोणाच्या ओळखीचा मेकॅनिक आहे का?

ए-१०१ बापू: मनी गाडीबी तशीच करी राहिनी वहिनी. पंपनं नाव टाका, सर्वासले कळू द्या.

सी-००१ आप्पा: नाव कोणीही टाकू नका, अजून काही कळलेलं नाही. वहिनी, दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

बी-२०४ वहिनी: लुकलुकतोय आप्पा.

सी-००१ आप्पा: मग आत्ताच बंद करा आणि पुन्हा स्टार्टर मारू नका. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसिंग जोरात आहे, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून जळतो. तो बदलायचा म्हटलं तर बाकी सगळ्या दुरुस्तीहून महाग पडतो. गॅरेजलाही चालवत नेऊ नका, माणूस इथेच बोलावू.

ए-३०५ काका: वरून टाकी फुल करून घ्या वहिनी. पेट्रोलात पाणी आलं असेल तर पातळ होऊन निघून जाईल.

सी-००१ आप्पा: काका, पाणी थोडं असेल तर विरघळेलही. पण किती आहे ते बघितल्याशिवाय हा जुगार नको. आणि टाकी भरली की पुरावा गेला.

ए-३०५ काका: पण हे सगळं ई-२० मुळेच, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळेच होतंय ना? माझी गाडी २०१६ ची, मला तर रोज धाक असतो.

सी-००१ आप्पा: तुमची काळजी खोटी नाही. मायलेज थोडं उतरतं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांचा प्रश्नही आहे. पण ते हळूहळू होतं, एका रात्रीत गाडी अशी बिघडत नाही. पेट्रोल टाकल्यावर लगेच बिघडली तर पाण्याचा संशय घ्यायचा. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मिसळून जातं, गाडी तक्रार करत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्यासकट तळाला बसतं आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. गाडीचा फ्युएल पंप तळाजवळूनच ओढतो, म्हणून इंजिनाला पहिला घास त्याच थराचा मिळतो. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी उतरलं तर असं होऊ शकतं. मुद्दाम केलेली भेसळच असेल असं नाही.

डी-४०२: आप्पा, माझ्याकडे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आहे. दोन्ही गाड्यांना लावून बघतो. नुसती चावी ऑन करतो, इंजिन चालू करत नाही.

डी-४०२: वहिनींच्या गाडीत पी०३००, सोबत पी०३०१, पी०३०३, पी०३०४ आणि पी०१७१. बापूंच्या गाडीत फक्त पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर.

सी-००१ आप्पा: बघा, इथेच दोन गाड्यांची वाट वेगळी झाली. वहिनींच्या गाडीत जवळपास सगळेच सिलिंडर चुकताहेत आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. सगळ्यांना सामायिक असतं ते पेट्रोल किंवा हवा. बापूंचा एकटा तिसरा चुकतोय. पेट्रोल खराब असतं तर ते एकाच सिलिंडरला निवडून त्रास देत नाही. बापू, तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर टाकून पुन्हा स्कॅन करा. चूक कॉइलबरोबर सरकली तर कॉइल, जागीच राहिली तर प्लग नाहीतर इंजेक्टर.

ए-१०१ बापू: अजिंठा चौफुलीला माणसाला दाखवली. कॉइलची अदलाबदल केल्यावर पी०३०१ आला. नवी कॉइल बसवली, आता इंजिन एकसारखं चालतंय.

बी-२०४ वहिनी: माझा मेकॅनिक आलाय. पार्किंगमध्येच काढू देऊ का?

सी-००१ आप्पा: बेसमेंटमध्ये अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते आणि ठिणगीची वाट बघते. गाडी ढकलून मोकळ्यावर आणा, पोरं लांब ठेवा, बिडी-सिगारेट कोणाच्याही हातात नको. तोंडाने नळी ओढायची नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या लाइनमधून काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या भरा आणि न हलवता तासभर ठेवा.

बी-२०४ वहिनी: दोन्ही बाटल्यांत मध्ये स्वच्छ रेघ दिसतेय. खाली बोटभर थर पाण्यासारखा, वर पेट्रोल. फोटो टाकलाय.

डी-४०२: म्हणजे बोटभर पाणी?

सी-००१ आप्पा: नाही, खालच्या थरात इथेनॉलही उतरलेलं आहे, म्हणून तो खऱ्या पाण्याहून मोठा दिसतो. बाटल्या बुचं घट्ट लावून सील करा, तारीख-वेळ लिहा, दोन सभासदांच्या सह्या घ्या. मग टाकी उतरवून धुवायची, लाइन आणि फिल्टर साफ करायचे, प्लग तपासायचे. मेकॅनिककडून लिहून घ्या की टाकीत पाणी सापडलं.

ए-३०५ काका: पंपावर जाऊन फिल्टर पेपर मागायचा का, थेंब टाकून भेसळ बघायला?

सी-००१ आप्पा: मागा, तो आपला हक्क आहे. पण पेपरवर डाग राहिला नाही तर डिझेल-रॉकेल नाही एवढंच कळतं. पाणी त्यात दिसत नाही. घनताही बरोबर येऊ शकते, कारण विरघळलेल्या थोड्या पाण्याने ती फारशी हलत नाही. त्यांना म्हणा, टाकीत पाणी शोधायची पेस्ट डिपरॉडला, म्हणजे टाकीत बुडवायच्या मापाच्या काठीला, लावून आमच्यासमोर दाखवा. इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी पेस्ट वेगळी असते, तीच हवी. तुमच्या बाटलीवर ते म्हणतील की पाणी तुमच्याच टाकीत होतं, त्यामुळे तिथली तपासणी फार महत्त्वाची. तक्रारवहीत नोंद करा, बिलाचा फोटो ठेवा.

बी-२०४ वहिनी: बिल आहे. उद्या हे आले की जिल्हा पुरवठा कार्यालयात अर्ज देतो, तेल कंपनीलाही कळवतो.

सी-००१ आप्पा: ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवा. आणि काल रात्री त्या रस्त्याने येताना कोणी पेट्रोल टाकलं असेल तर वहिनींना खाजगीत कळवा, बिलासह. गाडी ठीक चालत असली तरी कळवा, तेही लागेल.