अनुभव धागा : मुंबईत समाजशास्त्र घेऊन बीए करताना

बारावीचा निकाल लागला की "समाजशास्त्र घेऊ का?" ही विचारणा सुरू होते. उत्तरं बहुतेक वेळा दोनच मिळतात : "सोपं आहे, घे" किंवा "पुढे काय करणार?" या दोन्ही उत्तरांनी आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. हा विषय जे शिकवतात, त्याचे पेपर तपासतात किंवा ज्यांच्या रोजच्या कामात तो लागतो, त्यांनी इथे नेमकं लिहावं ही विनंती. आठवणींपेक्षा तपशील हवेत : प्रवेशाच्या वेळी काय विचारायचं, वाचायचं कसं, पेपर कसा लिहायचा, प्रकल्प कुठे फसतो. पालकांनीही प्रश्न जरूर टाकावेत.

प्रवेश समितीवर काम करणाऱ्या, दादर

बारावी कोणत्याही शाखेची चालते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज हवं असेल तर आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि मग प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा भरायचा. नुसती नोंदणी करून गुणवत्ता यादीची वाट बघत बसणारी मुलं दरवर्षी दिसतात. फॉर्मच भरलेला नसतो, त्यामुळे यादीत नाव येत नाही. स्वायत्त कॉलेजांच्या तारखा वेगळ्या असतात आणि काही ठिकाणी स्वतंत्र परीक्षाही असते.

कॉलेजात गेल्यावर तीन गोष्टी विचारा. समाजशास्त्र मेजर (मुख्य विषय) म्हणून तिन्ही वर्षं मिळतं का? पहिल्या वर्षाला विषय असतो, पण तिसऱ्या वर्षाला पुरेशी मुलं नसतील तर तुकडी चालवली जात नाही आणि मग मुलांना हाताशी असेल तो विषय घ्यावा लागतो. म्हणून "विषय आहे का" एवढंच विचारून थांबू नका, "गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला किती मुलं होती" असं विचारा. दुसरं, पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. तिसरं, फील्ड प्रोजेक्टला मार्गदर्शक कोण असतो आणि एकाकडे किती मुलं असतात.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट असतात. थिअरीच्या १५ तासांचा एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाच्या ३० तासांचा एक. तीन वर्षांनी पदवी मिळते, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मायनरला (जोडविषयाला) अर्थशास्त्र किंवा सांख्यिकी मिळत असेल तर सोडू नका. आकड्यांची भीती म्हणून कला शाखेला आलेल्या मुलांना हे आवडत नाही, पण संशोधन पद्धतीच्या पेपरला आणि पुढे कामाला हीच जोड उपयोगी पडते.

समाजशास्त्र शिकवतो, विलेपार्ले

विषय सोपा वाटतो, कारण कुटुंब, लग्न, धर्म, जात हे सगळं ओळखीचं असतं. पेपरात मार्क जातात तेही याच ओळखीमुळे. "हल्ली एकत्र कुटुंबं मोडत चालली आहेत" हे वाक्य शेकडो उत्तरपत्रिकांत येतं. कुटुंब म्हणजे एक चूल, एक छप्पर की सामायिक मालमत्ता, हे कुणी सांगत नाही. चूल वेगळी पण गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, गणपतीला सगळे एकत्र आणि धाकट्याच्या शिक्षणाला थोरल्याचे पैसे, अशा कुटुंबाला विभक्त म्हणायचं का? इथून समाजशास्त्र सुरू होतं. इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांवर केलेलं काम याच प्रश्नासाठी वाचायचं.

विचारवंत पाठ करू नका, त्यांचा युक्तिवाद पकडा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइमचं उदाहरण घेऊ. १८९७ च्या आत्महत्येवरच्या अभ्यासात तो एकेका माणसाच्या दुःखाबद्दल बोलत नाही, तो दराबद्दल बोलतो. प्रोटेस्टंटांमध्ये दर कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांमध्ये विवाहितांपेक्षा जास्त, आणि हे वर्षानुवर्षं साधारण तसंच राहतं, म्हणजे कारण व्यक्तीच्या बाहेर आहे. त्याने सांगितलेले आत्महत्येचे चार प्रकार दोन अक्षांवर बसतात. समाजाशी जोडलेपण फार कमी किंवा फार जास्त, आणि समाजाचं नियमन फार कमी किंवा फार जास्त. हे दोन अक्ष न सांगता चार व्याख्या लिहिल्या तर उत्तर मध्यम गुणांवर अडकतं. त्यात टीकाही हवी : सरकारी नोंदींवर किती भिस्त ठेवायची? जिथे आत्महत्या पाप मानली जाते तिथे ती अपघात म्हणून नोंदवली जाण्याची शक्यता जास्त.

मार्क्स आणि वेबर यांच्यासाठी मुंबईच्या मुलांच्या हाताशी गिरणगाव आहे. उत्तरात त्याचा उल्लेख येतो तो "१८ जानेवारी १९८२ ला संप झाला, दत्ता सामंत नेते होते, सुमारे अडीच लाख कामगार संपात होते" एवढाच. ही झाली माहिती. विश्लेषण थोडं मागे जाऊन करता येतं. गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली होती, पण दलित कामगारांना तिथे घेत नसत. धोट्यातली (मागावर आडवा दोरा नेणाऱ्या साधनातली) कांडी बदलली की नव्या दोऱ्याचं टोक तोंडाने ओढून काढावं लागे, आणि त्या धोट्याला आपण तोंड लावायचं नाही हा सवर्ण कामगारांचा आग्रह होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा मुद्दा लावून धरला. मालक तोच, शोषण तेच, संघटनाही एक, तरी एका खात्याचं दार बंद. वर्ग (आर्थिक स्थान) आणि दर्जा (समाजातला मान) या वेबरच्या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, हे त्या एका धोट्यावरून समजावता येतं. असं एक उदाहरण नीट उलगडलं की पाच विचारवंतांची नुसती नावं घेण्यापेक्षा परीक्षकाला जास्त कळतं.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या संस्कृतीकरणाबाबत (खालची मानलेली जात वरच्या जातीच्या चालीरीती उचलून वर सरकते, ही कल्पना) एकच सांगतो : जात वर सरकली तरी उतरंड तशीच राहते, हे वाक्य नसेल तर उत्तर अपुरं.

पेपर तपासते, ठाणे

सरांच्या मुद्द्याला जोडून वेळेचं गणित सांगते. पेपर ६० गुणांचा आणि दोन तासांचा धरला तर १५ गुणांच्या प्रश्नाला ३० मिनिटं येतात. त्यातली पहिली तीन मिनिटं कच्च्या मुद्द्यांना द्या, लिखाण साडेतीन-चार पानं. पहिल्या प्रश्नाला सहा पानं आणि शेवटच्याला एक, अशा उत्तरपत्रिकांचे गट्ठे येतात. पहिल्या प्रश्नाची जादा दोन पानं फार तर एखादा गुण देतात, शेवटच्या प्रश्नाचे सहा-सात गुण मात्र जातात.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी एका संकल्पनेला एकच शब्द ठरवावा आणि पेपरभर तोच वापरावा. एका पानावर "परात्मता" (इंग्रजीत एलिएनेशन) आणि पुढच्या पानावर "दुरावा" आला की दोन वेगळ्या गोष्टी चालल्यात असं वाटतं. इंग्रजी संदर्भ वाचून मराठीत टिपणं काढणं हे काम पहिल्या सेमिस्टरपासून करायचं असतं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते होत नाही. इग्नूचं अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोशावर फुकट आहे आणि भाषा सरळ आहे. कॉलेजकडे एन-लिस्टची (ऑनलाइन शोधनिबंध-पुस्तकांची) सोय असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या, शोधनिबंध घरबसल्या वाचता येतात. बहुतेक मुलांना ही सोय असते हेच ठाऊक नसतं.

सर्वेक्षणांचं काम करतो, चेंबूर

माझं क्षेत्र फील्डचं, म्हणून प्रकल्पाबद्दल सविस्तर लिहितो.

विषय लहान घ्या. "मुंबईतील महिलांच्या समस्या" हा विषय होत नाही. "नायगावच्या अमुक चाळीत पाणी भरण्याचं काम घरातलं कोण करतं आणि त्याचा नोकरीच्या वेळेशी काय संबंध आहे" हा होतो. पदवीच्या पातळीवर २५-३० मुलाखती पुरेत. प्रश्न १५ ते २०. आधी चार-पाच जणांवर चाचणी घ्या. ज्या प्रश्नावर लोक "म्हणजे?" असं विचारतात तो बदला.

मत विचारू नका, घडलेलं विचारा. "तुम्ही जात मानता का?" याला शंभरातले नव्वद नाही म्हणतील. "घरातलं शेवटचं लग्न कधी झालं, स्थळ कुणी आणलं, मुलीकडचे कोण?" असं विचारलं की जात आपोआप समोर येते. तसंच "नवरा घरकामात मदत करतो का" असं न विचारता, काल सकाळी ५ ते १० या वेळात घरातल्या कुणी काय केलं हे अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घ्या. उत्पन्नाचा प्रश्न शेवटी आणि तोही टप्प्यांत. पहिलाच प्रश्न पगाराचा असेल तर पुढची मुलाखत गेली.

वेळेला फार महत्त्व आहे. सकाळी ११ ला चाळीत गेलात तर दार उघडणारे बहुतेक गृहिणी आणि निवृत्त लोक असतात. त्या नमुन्यावरून "६० टक्के रहिवासी बेरोजगार" असे निष्कर्ष निघालेले प्रकल्प मी वाचले आहेत. रविवारी सकाळी आणि एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर, अशा वेगवेगळ्या फेऱ्या करा. पाणी यायच्या वेळी कुणाचंही दार वाजवू नका. कोळीवाड्यात बाजाराची वेळ आधी विचारून घ्या. टॉवरमध्ये वॉचमन गेटवरच अडवतो. तिथे कॉलेजचं शिक्क्याचं पत्र घेऊन आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटावं लागतं, आणि परवानगीला आठवडा-दोन आठवडे जातात हे धरूनच आखणी करा. सगळे प्रकल्प वस्त्यांवरच होतात, श्रीमंतांवर कुणी करत नाही, याचं हेच साधं कारण आहे.

यादृच्छिक नमुना (सगळ्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड) घेतला असं लिहू नका, यादीच हातात नसते. एकाने दुसऱ्याचं नाव सुचवलं तर तसं लिहा आणि त्यामुळे कोण सुटलं तेही लिहा. १२ जणांपैकी ४ जणांचं उत्तर "३३.३ टक्के" असं लिहायचं नाही, "१२ पैकी ४" असंच लिहायचं. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. एका तासाचं बोलणं लिहून काढायला चार ते सहा तास लागतात. ३० मुलाखती शेवटच्या आठवड्यात उतरवायला घेतल्या तर त्या होत नाहीत, आणि मग बनावट उतारे सुरू होतात. फॉर्म मोबाइलवर भरायचा असेल तर कोबो टूलबॉक्स वापरा. देवनागरी चालते आणि नेट नसतानाही माहिती साठवली जाते.

दुय्यम (दुसऱ्यांनी गोळा केलेल्या) आकडेवारीचं एक पथ्य : आकड्याला वर्ष लावा. बृहन्मुंबईची १ कोटी २४ लाख ही लोकसंख्या २०११ ची आहे, "सध्याची" नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) मुंबई आणि मुंबई उपनगर यांची तथ्यपत्रकं वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळू नका.

एक पालक, बोरिवली

मुलगी तयार आहे, घरात काळजी आहे. तीन वर्षांनी नेमकं काय करता येतं? आणि शाळेत शिक्षिका होता येईल का?

समाजशास्त्र शिकवतो, विलेपार्ले

ताई, सरळ सांगतो. नुसत्या बीएवर मिळतात ती कामं म्हणजे संस्थांमधलं फील्डवर्क, मार्केट रिसर्च, एचआरमधली सुरुवातीची कामं आणि मजकूर लेखन. यातही एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता येणाऱ्या आणि मराठी-इंग्रजी दोन्हीत अहवाल लिहिणाऱ्या मुलीला लवकर घेतात.

शिक्षिका व्हायचं असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. शाळेत समाजशास्त्र हा वेगळा विषय नाही, तो अकरावी-बारावीला येतो. तिथे एमए आणि बीएड दोन्ही लागतं. सीनियर कॉलेजसाठी एमएला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि सोबत नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा). नेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, वेळ तीन तास.

एमएसाठी कलिनाचा विद्यापीठाचा विभाग डोळ्यांसमोर ठेवा. १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्यापासून तो सुरू झाला, १९२४ मध्ये समाजशास्त्रज्ञ घुर्ये आले, श्रीनिवास आणि इरावती कर्वे तिथेच शिकले. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी सीयूईटी पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिची तयारी तिसऱ्या वर्षाच्या पाचव्या सेमिस्टरलाच सुरू केलेली बरी.

स्पर्धा परीक्षांचा मार्गदर्शक, दादर

यूपीएससीला वैकल्पिक विषय म्हणून दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण. पहिल्यात सिद्धान्त, दुसऱ्यात भारतीय समाज. बीए झालेल्यांना पहिला पेपर ओळखीचा वाटतो, पण गुण दोन्ही पेपरांची सांगड घालण्याला मिळतात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे तीन वर्षांत लागलेली लिहिण्याची सवय इथे उपयोगी पडते. फक्त या परीक्षांसाठी म्हणून मात्र विषय घेऊ नये. वाचायला आवडत नसेल तर दुसऱ्या सेमिस्टरलाच कंटाळा येतो.

बोरिवलीचे तेच पालक

आभार. नोकरी करत बाहेरून करता येईल का?

प्रवेश समितीवर काम करणाऱ्या, दादर

येईल. कलिनाला विद्यापीठाचं दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे. अभ्याससाहित्य मिळतं, पण हाताला धरून फील्डवर नेणारं कुणी नसतं, ती उणीव आपली आपण भरून काढावी लागते. तिला सांगा, एक जागा निवडायची : घराजवळची मंडई, नाका, स्टेशनबाहेरची रिक्षाची रांग. आठवड्यातून एक तास तिथे थांबायचं आणि त्याच रात्री दोन पानं लिहायची. डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्याला लागू पडणारी संकल्पना. उजवी बाजू सुरुवातीला रिकामी राहिली तरी चालेल, डावीकडचं मात्र रोखठोक हवं : कोण, किती वाजता, कुणाशी काय बोललं.